लांडगा कोळ्याची तिसरी बाटली

स्पिरिटचा वास आला की भिवंडीच्या आमच्या कॉलेजातलं प्राणिशास्त्राचं छोटं संग्रहालय आठवतं. जुन्या नमुन्यांच्या नोंदी मी तिथे संगणकावर चढवत होते. लांडगा कोळ्याच्या, म्हणजे जाळं न विणता जमिनीवर शिकार करणाऱ्या कोळ्याच्या, तीन बाटल्यांवरची अक्षरं पार पुसली गेली होती, आणि कुठे सापडला हेच माहीत नसलेला नमुना आमच्या विभागप्रमुख मॅडम टाकून देणार होत्या. म्हणून ते कोळी ज्यांनी पकडून आणले होते, त्या कॉलेजच्या निवृत्त शिपाईमामांना जवळच्या टेमघरहून बोलावलं. दोन बाटल्या बघताच ते म्हणाले, "ह्या दापोड्याच्या. ह्यातले कोळी भाताच्या बांधावर गावले." आता तिथे गोदामं आहेत. तिसरीत पोटाच्या टोकाला अंड्यांची पिशवी चिकटवलेली मादी होती. ती त्यांनी बराच वेळ उजेडात धरली. मला ती वाचवायची होती. "हीपण दापोड्याचीच असेल ना मामा? लिहू?" "असंल म्हणून लिवू नको. मला आठवत न्हाय." एवढं बोलून त्यांनी रुमालाने काच पुसली आणि बाटली मॅडमपुढे ठेवली. मॅडम म्हणाल्या, "राहू दे, मुलांना दाखवायला ठेवू." आज मी इतरांच्या नोंदी तपासते, आणि कुणी 'स्थळ माहीत नाही' असं सरळ लिहिलेलं दिसलं, की त्याच्या बाकीच्या नोंदींवर माझा चटकन विश्वास बसतो.