काय खाल्लं, मालक?

सात रस्त्याजवळच्या दवाखान्यातला ड्रेसर पट्टी सोडताना प्रत्येकाला एकच विचारायचा, "काय खाल्लं, मालक?" लिंगायत माणूस, पक्का शाकाहारी, गळ्यात इष्टलिंग, बोलण्यात कानडी हेल.

गिरणीतल्या वाफेनं माझे दोन्ही पंजे भाजले होते. विणकराचे हात, बोटं आखडली असती तर मागावर मला कोण उभं करणार? पण बायकोनं पथ्य धरलेलं. अंडं, डाळ, शेंगदाणे खाल्ले की जखमेत पू होतो, म्हणून ती नुसती पेज भरवायची. जखम काही भरेना.

डॉक्टर म्हणाले, "अंडी खा. त्यात गंधक असलेलं एक अमिनो आम्ल असतं. त्यानं जखम लवकर भरत असावी." मी मान डोलावली आणि घरी जाऊन पेजच प्यायलो. पथ्य मोडायची माझीही छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी ड्रेसरनं विचारलं, "काय खाल्लं?"

"पेज."

तो उठला. बाहेरच्या गाड्यावरून उकडलेलं अंडं घेऊन आला. तोंड बाजूला वळवून, श्वास रोखून त्यानं ते सोललं आणि माझ्या तोंडाशी धरलं. "आ करा की! घाव भरायला माल लागतो." मग कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. पुढं रोज तसंच.

शेवटची पट्टी सुटली तेव्हा त्यानं माझी बोटं मिटून, उघडून पाहिली. गुलाबी कातडी छान धरली होती. दाराकडं एकदा बघून त्यानं हळूच विचारलं,

"मालक, कसं लागतं हो अंडं?"