माशीमावशींचं बाळंतपण

पिवळा शर्ट घालून मी निरोगी रोपांच्या खोलीत शिरलो, तेव्हा माझ्या पाठीवर पाहुणे बसलेत हे मला ठाऊक नव्हतं. पांढऱ्या माशीला पिवळा रंग म्हणजे जीव की प्राण. त्यात मी आलो होतो थेट रोगी रोपांच्या खोलीतून. आधी निरोगी, मग रोगी, उलट कधीच नाही, हा आमच्या संशोधन केंद्राचा पहिला धडा.

"जरा वळ," मावशी म्हणाल्या. वळलो. पाठ बघून त्या मटकन खुर्चीत बसल्या.

पिकांच्या रोगांवर काम करणाऱ्या या बाईंना सगळे माशीमावशी म्हणतात, तोंडावरसुद्धा. टोमॅटोची पानं आक्रसवणारा रोग बांधावरच्या तणातून माशीच आणते, असं त्यांचं ठाम मत. केंद्राचे साहेब म्हणत, बियाणंच खोटं. लागवडीआधी पुरावा मिळाला नाही, तर शेतकऱ्यांना बियाणं बदलायचा सल्ला जाणार आणि तण बांधावर मजेत डुलणार. पुराव्याला हव्या होत्या निष्कलंक माश्या, निरोगी रोपांच्या खोलीत मुद्दाम वाढवलेल्या. त्या मी बाटवल्या होत्या.

"आता?"

"आता बाळंतपण."

या रोगाची लागण अंड्यातून उतरत नाही. म्हणून नव्या रोपांवर माश्यांना अंडी घालू द्यायची आणि मग थोरल्यांना नळीने ओढून बाहेर काढायचं. नळीचं एक टोक माझ्या तोंडात, मध्ये जाळी.

"हळू ओढ, सरबत नाही ते. आणि महाराज, पानाच्या वर काय बघताय? खाली बसते ती."

त्याच आठवड्यात त्या नव्या नातवाला बघायला लेकीकडे जाणार होत्या. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, एकटेच गेले, फुगून.

कोरी पिढी उडायला लागली. काही माश्यांना मावशींनी आधी रोगट तणावर जेवायला बसवलं, मग टोमॅटोवर सोडलं. काहींना थेट टोमॅटोवर. मग रोज पिंजऱ्यांत डोकावणं. एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. "आजारी पडली रे," म्हणाल्या, लेक पहिली आल्यासारख्या चेहऱ्याने. तणावरून आलेल्या माश्यांची रोपं आक्रसली होती, बाकीची टवटवीत. बियाणं सगळ्यांचं एकच. साहेबांनी पानं उलटून पालटून पाहिली आणि सल्ला बदलला: आधी बांधावरचं तण काढा.

मावशी लेकीकडे पोचल्या तोवर नातू मान धरायला लागला होता. काका अजून म्हणतात, हिला नातवापेक्षा माशी प्यारी. "मी घरी येऊन सांगतो, घोळ माझा होता," असं मी मावशींना कबूल केलंय.

"काय रे, कधी येतोस?" त्या अधूनमधून विचारतात.

"याच आठवड्यात, मावशी."

काकांचा चढलेला आवाज मी फोनवर ऐकलाय. अजून गेलेलो नाही.