अनवाणी चाललेले अकरा दिवस

इंदापूरच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर आकडा लिहिला, त्याभोवती गोल केला आणि म्हणाल्या, "तुम्हाला डायबेटिस आहे." म्हणजे रक्तात साखर वाढते, असं त्यांनीच सांगितलं. गोड तर मी चहापुरतंच खातो, मग एवढी साखर आली कुठून? विचारायचं धाडस झालं नाही. सहावीत शाळा सोडलेला माणूस मी.

"गोळ्या घ्या. आणि रोज तासभर चाला, दम लागेल असं."

पुढं त्या आणखी काही बोलल्या. घाबरलेल्या माणसाला अर्धंच ऐकू येतं.

माझं गाव लांब, भंडाऱ्याकडं. इथं अंथुर्ण्याजवळ एका रोपवाटिकेत राखणदार, दिवसभर खुर्चीवर. आजारी राखणदार कोण ठेवील? म्हणून कुणाला न सांगता संध्याकाळी रस्त्याला लागलो.

पण इथं माणसाला कुणी चालू देत नाही. पंक्चर काढणारे सलीमभाई रोज लुना थांबवायचे. "पाव्हणं, बसा की!" नको म्हटलं तर, "आमची गाडी बारकी वाटती व्हय?" मग बसावंच लागायचं. रस्त्याच्या मोडावरून परत फिरलो तर कुणीतरी ट्रॅक्टर थांबवायचा.

शेवटी मी थाप मारली. "मोडावरच्या मारुतीला बोललोय, रोज चालत येईन म्हणून." त्या दिवसापासून गाड्या नुसता हॉर्न देऊन पुढं जायला लागल्या.

मालकांचे वडील तात्या फाटकापाशी बसायचे. तरुणपणी मेंढरं घेऊन मुलूख फिरलेले. त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं. "नवस म्हणतुयास, आन पायात चपला? देवाकडं चाललायस का बाजारला?"

दुसऱ्या दिवसापासून मी अनवाणी.

अकराव्या दिवशी खोलीतल्या फरशीवर रक्ताचे ठसे दिसले. कुणाचे म्हणून मी बाहेर बघून आलो. माझेच होते. बाभळीचा काटा पायाच्या करंगळीत मोडून जखम सडली होती आणि मला पत्ताच नव्हता.

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "न्यूरोपथी." म्हणजे पायाच्या नसा बधिर होतात, दुखणं कळत नाही. "बोट जाईल. पाय वाचवू." न दुखणाऱ्या बोटासाठी रडावं की नाही, तेच मला कळेना.

तात्या भाकरी घेऊन आले. मी सगळं सांगून टाकलं.

"आरं येड्या, साखर हाय म्हणायचं की! आमी काय हाकलत व्हतो तुला? चपला मीच काढाय लावल्या." त्यांनी डोक्याच्या पटक्यानं डोळे पुसले. "बरा हो. तुजी खुर्ची कुटं जात न्हाय."

जखम भरल्यावर डॉक्टरांनी बूट घालून चालायला सांगितलं. बूट तात्यांनीच आणले. निघण्याआधी ते माझे तळपाय उजेडात धरून बघतात, मेंढराचा खूर बघावा तसे. मला लाज वाटते, पण मी पाय पुढं करतो.

साखर कुठून येते, ते मला अजून नीट कळलेलं नाही. तुम्हाला डॉक्टरांनी असं काही सांगितलं, तर निदान एका माणसाला तरी खरं सांगा. ते न सांगितल्यापायी माझी करंगळी गेली.

माझा आजार कळल्यापासून सलीमभाई "बसा" म्हणत नाहीत, नुसता हॉर्नही देत नाहीत. मला गाठलं की लुना बंद करून उतरतात आणि मोडापर्यंत ढकलत चालतात. "पेट्रोल वाचतंय वो," म्हणतात. परवा चढाला त्यांनाच दम लागला.

"पाव्हणं, जरा हळू की!"

इतक्या लांबच्या गावात कुणीतरी माझ्यासाठी गाडी ढकलत होतं. मी थांबलो आणि मागून हात लावला.