सदाशिव पेठेत न मिळालेलं उत्तर

सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी मला फसवलं. पैशात नाही. पैशात मला फसवणारा अजून जन्मायचा आहे. शब्दात फसवलं.

बार्शीत माझं पाण्याच्या पंपांचं दुकान आहे. दहावी नापास झाल्यावर दुसऱ्याच्या दुकानात मोटारी दुरुस्त करत शिकलो, मग स्वतःचं काढलं. गेल्या वर्षी वडील गेले. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. ऊन चढलं, पाय भाजायला लागले. आत्या म्हणाली, "अण्णांचा जीव सुभाषमध्ये अडकलाय. बोल काहीतरी." सुभाष माझा धाकटा भाऊ, तीन धंदे काढून तिन्ही बुडवलेला. मी हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "अण्णा, सुभाषला दुकानात बरोबरीनं घेतो." लगेच कावळा आला. त्यानंतर वर्षभर मी सुभाषला आज-उद्या करत राहिलो.

झोप लागेना. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द पाळावा लागतो का? ऐकायला तो उरलेला असतो का? बार्शीत ज्याला विचारावं तो आधी सुभाषची बाजू घ्यायचा, नाहीतर माझी. अशात पुण्याची एक जाहिरात मोबाइलवर आली. सात दिवसांत जगातले धर्म आणि तत्त्वमीमांसा (असणं म्हणजे काय, मेल्यावर काय उरतं, असले प्रश्न), तेही स्टोइक विचारांतून. स्टोइक म्हणजे ग्रीस-रोमकडचे जुने तत्त्वज्ञ. आपल्या हातात काय आणि काय नाही हे आधी वेगळं करा, असं त्यांचं सांगणं.

मी फोन केला. फी कमी करा म्हणालो नाही, हे माझ्या ओळखीच्या कुणालाही खरं वाटणार नाही. म्हणालो, "सर, शेवटच्या दिवशी माझ्या एका प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायचं. हो किंवा नाही."

"दिला शब्द," सर म्हणाले.

एसटीनं स्वारगेटला उतरलो. रिक्षावाल्यानं सदाशिव पेठेचा जो आकडा सांगितला त्याच्या निम्म्यावर मी सुरुवात केली. त्यानं माझ्या बॅगेकडे पाहिलं. "काका, तेवढ्यात मी तुम्हाला पत्ता सांगू शकतो. न्यायचं वेगळं." शेवटी मीटरवर गेलो.

खोली एका काकूंच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर. काकू पोह्यांवर खोबरं मोजून घालायच्या. "अजून थोडं घाला की," म्हणालो, तर म्हणाल्या, "आपण तत्त्वज्ञान शिकायला आलात ना? मग सुरुवात करा." पोहे मात्र चांगले असायचे. लिंबाची फोड न मागता मिळायची.

वर्ग तिथून दोन गल्ल्या सोडून, एका क्लासच्या रिकाम्या खोलीत. आम्ही अकरा जण. बहुतेक निवृत्त, दोघे आयटीतले, बाहेरगावचा मी एकटा. सरांनी पहिल्याच दिवशी माझं नाव न विचारता मला 'बार्शीकर' करून टाकलं. बोलायचे मात्र सुरेख. पहिला दिवस विश्वाला बुद्धी आहे का, यावर. दुसरा दिवस आत्म्यावर. स्टोइकांच्या मते तोही एक प्रकारचा श्वासच, काही काळ टिकतो, मग विरतो. मी वहीत लिहिलं : किती काळ? वर विचारलंही. सर म्हणाले, "शेवटच्या दिवशी, बार्शीकर."

तिसऱ्या दिवसापासून भटकंती. कॅम्पातल्या चर्चमध्ये एक म्हाताऱ्या बाई नवऱ्यासाठी मेणबत्ती लावत होत्या. मी विचारलं, "ते ऐकतात का हो?"

"रोज बोलते मी. ऐकतात की नाही, कुणास ठाऊक," त्या म्हणाल्या. "जिवंत होते तेव्हा तरी कुठे ऐकायचे?"

अग्यारीत (पारशांच्या अग्निमंदिरात) परधर्मीयांना आत सोडत नाहीत. मला हे फाटकाशी गेल्यावर कळलं. फाटकावरच्या पारशी बाबांशी मी अर्धा तास हुज्जत घातली. पाच मिनिटं, लांबून, चप्पल काढून, सगळं बोलून पाहिलं. बाबा हसत होते. "तुमी मोठे बार्गेन करता, साहेब. पण हे माझ्या दुकानातलं नाय." सर बाजूच्या झाडाखाली उभे राहून इतरांना सांगत होते, "बघा, जे हातात नाही त्याच्याशी भांडण कसं करतात." सगळे हसले. मी गिळलं.

यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरात मला कामाचं बोलणारा माणूस भेटला. तिथले व्यवस्थापक, कोकणातले बेने इस्राएल यहुदी, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. डोक्यावर घालायला मला टोपी दिली. ती लहान होती, म्हणून मी ती एका हातानं धरूनच विचारलं.

ते म्हणाले, "देवाला दिलेल्या शब्दातून सुटायची वाट आहे आमच्याकडे. माणसाचा काही अपराध केला असेल, तर त्या माणसाकडेच जावं लागतं."

"तो मेला असेल तर?"

"तर त्याच्या कबरीवर. दहा जणांना घेऊन, त्यांच्यासमोर कबूल करायचं."

"आमच्याकडे कबर नाही. अस्थी नदीत."

त्यांनी कुठली नदी, तेही विचारून घेतलं. "मग अवघड आहे," म्हणाले. या माणसानं निदान माझा प्रश्न हातात घेऊन पाहिला. सर दारातून ओरडले, "चला, उशीर होतोय."

सातव्या दिवशी शनिवार पेठेजवळ नदीकाठच्या घाटावर. तिथे दहाव्याचे विधी चालतात. सरांनी हीच जागा निवडली म्हणून मला वाटलं, माणूस शब्दाला पक्का आहे. समोर एक कुटुंब पिंड मांडून बसलं होतं. कावळे झाडावर होते, खाली एकही येत नव्हता. सर हळू आवाजात म्हणाले, "कावळ्यानं यावं की नाही, हे आपल्या हातात नाही. त्यावर मन टांगू नये."

मी उभा राहिलो. अण्णांचं, सुभाषचं, कावळ्याचं, सगळं सांगितलं. लोकांसमोर घरचं काढायची मला सवय नाही. "सर, हो की नाही? पाळावा लागतो का?"

"छान प्रश्न आहे." सरांनी घड्याळ पाहिलं. "तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटतं ते ऐकायला मी बार्शीहून आलो नाही."

"बार्शीकर, स्टोइक माणूस दुसऱ्याच्या उत्तरावर अवलंबून राहत नाही."

"मग फोनवर शब्द कशाला दिलात?"

"तेव्हा प्रश्न माहीत नव्हता."

बाकीचे पुन्हा हसले. सरांनी प्रमाणपत्रं वाटली आणि स्कूटरवर बसून पुलापलीकडे गेले. वर्ग पांगला. मी पायरीवर तसाच बसलो.

समोरचं कुटुंब अजून थांबलंच होतं. गुरुजी थोरल्या मुलाला म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल त्यांची. बोला."

त्याची आई म्हणाली, "अरे, गावचं घर विकणार नाही म्हण. तेवढ्यासाठीच थांबलेत ते."

तो माझ्याच वयाचा, डोक्याचं नुकतंच मुंडण केलेला. म्हणाला, "आई, ते घर मला ठेवायला जमणार नाही. जमणार नाही ते मी बाबांना सांगणार नाही."

"मग संध्याकाळपर्यंत बसू का इथं?"

"नको. गुरुजी, दर्भाचा कावळा करा."

गुरुजींनी गवताचा कावळा केला, पिंडाला लावला. आई तोंड फिरवून रडली. मुलगा तिचा हात धरून उभा राहिला. ती सोडवून घेत होती, तरी त्यानं सोडला नाही. सात दिवस मी ज्या स्टोइकांबद्दल वहीत लिहीत होतो, त्यांतला एक मला तिथे दिसला. त्याच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं.

आणि मी? पाय भाजत होते म्हणून बोललो होतो. सरांनी मला फोनवर जसा शब्द दिला, तसाच. समोरचा गप्प व्हावा म्हणून. पुढचं तेव्हा मलाही माहीत नव्हतं. पण ते मी सबब म्हणून सांगायला लागलो, तर त्या स्कूटरवर मागे बसल्यासारखंच झालं.

दुपारच्या एसटीनं परतलो. टेंभुर्णीला भजी खाल्ली, तेलकट होती, विक्रेत्याला तसं सांगितलं. बार्शी स्टँडवर सुभाष घ्यायला आला होता. न सांगता बॅग उचलली.

"मिळालं का उत्तर, दादा?"

"नाही."

त्यानं बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. वर्षभर हेच ऐकायची त्याला सवय झालेली. मी म्हणालो, "उद्या नऊला ये. शटर तू उघड. आणि गिऱ्हाइकाला उधारी द्यायच्या आधी मला विचार."

"बरोबरीनं म्हणाला होतास."

"मीही तुला विचारूनच देईन," म्हणालो. जिभेला जड गेलं.

आता सुभाष दुकानात असतो. रोज भांडतो आम्ही. पण हे उत्तर मी काढलंय, सरांनी दिलेलं नाही. अण्णा ऐकत होते की नाही, हे मला अजूनही माहीत नाही, आणि ते जाणून घ्यायला मी सात दिवस दुकान बंद ठेवून गेलो होतो.

म्हणून सर, तुमचं प्रमाणपत्र रजिस्टर पोस्टानं परत पाठवलंय. मागच्या बाजूला प्रश्न लिहिला आहे, खाली दोन चौकोन काढले आहेत. एक 'हो'चा, एक 'नाही'चा. उत्तर ठाऊक नसेल तर चौकोनांच्या खाली तेवढंच लिहा, तेही मला चालेल. प्रश्न माहीत नव्हता, हे आता चालणार नाही. परतीचं पाकीट तिकीट लावून आत ठेवलं आहे. तुम्ही शब्द दिला होता. उत्तर द्या.