भिंग सरकलं तेव्हा

त्या सकाळी मी फार थकलो होतो, आणि खरं सांगायचं तर विश्वनाथावर रुसलोही होतो. दुर्गाघाटावर राहून उभा जन्म लोकांची श्राद्धकर्मं केली, आणि माझेच डोळे साथ सोडत होते. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, "पंडितजी, लेंस को थामने वाले रेशे कमज़ोर हैं." भिंग धरणारे तंतूच कच्चे, म्हणून नव्या भिंगाच्या आधाराला आत एक बारीक कडंही बसवलं होतं. चार वर्षं बरी गेली आणि मग ते नवं भिंग खाली सरकलं. एका दिव्याचे दोन दिसू लागले, पायरीची कड कळेना. डाव्या डोळ्यात तर मोतीबिंदूचं धुकंच. पुन्हा ऑपरेशन करा, असं डॉक्टर सांगत होते. बायको रोज विनवायची, "अहो, एकदा जाऊन तर या." माझं उत्तर ठरलेलं होतं: पुन्हा सरकलं तर?

त्या दिवशी दशाश्वमेध घाटावर लातूरकडचे यजमान आले होते. एका बाईंच्या नवऱ्याचं पिंडदान होतं, दीर विधी करत होते, त्या शेजारी बसल्या होत्या. तीळ वाहताना माझा हात पानाबाहेर गेला. पुन्हा गेला. लाजेनं मला मान वर करवेना. उद्यापासून घाटावर यायचंच नाही, असं ठरवून कसेबसे मंत्र पुरे केले.

सगळे उठले, पण बाई बसूनच राहिल्या. हळूच म्हणाल्या, "गुरुजी, तुम्हाला एकाची दोन दिसतात का हो?"

मी सांडलेले तीळ गोळा करू लागलो.

"मान तिरकी करून बघता, म्हणून विचारलं. माझंही भिंग असंच सरकलं होतं. डॉक्टरांनी दुसरं घातलं, डोळ्याच्या पांढऱ्या भागाला आतून शिवून. आता सुईत दोरा ओवते मी."

"पुन्हा सरकलं तर?"

"मीही तेच विचारलं होतं. खात्री कुणी देत नाही म्हणाले, फक्त तपासणी चुकवू नका. बाकीचं मी देवावर टाकलं. तुम्हाला मी काय सांगावं?"

पुढच्याच आठवड्यात मी ऑपरेशनच्या टेबलावर होतो. तोंडावरच्या कापडाखाली स्तोत्र म्हणू गेलो, तर जन्मभर पाठ असलेल्या ओळी आठवेनात. शेवटी एवढंच म्हणालो, "मी दमलोय रे. आता तू बघ." आणि कितीतरी महिन्यांनी अंग सैल पडलं.

पट्टी निघाली तेव्हा समोर बायको उभी होती. एकच दिसली. माझ्या डोळ्यांतलं पाणी बघून तिला वाटलं, औषध झोंबतंय.

संध्याकाळी अजून नीट दिसत नाही, तपासणीला जावं लागतं. भिंग किती वर्षं टिकेल, ते मी विचारायचं सोडलं आहे. त्या दिवशी संकल्पात बाईंच्या नवऱ्याचं नाव घेतलं, गोत्र घेतलं. बाईंचं स्वतःचं नाव मात्र विचारायचं राहून गेलं. रोज गंगेत अर्घ्य देताना एक ओंजळ मी त्यांच्या भल्यासाठी सोडतो, बिननावाची. कुणाला पोहोचवायची, ते घेणाऱ्याला ठाऊक आहे.