ट्रॅक बदलायचा शेवटचा दिवस

लकडगंजात एका आरा मशीनच्या वरच्या मजल्यावर चंपतरावांचा कॉम्प्युटर क्लास आहे. खाली सागवानाचा ओंडका कापायला लागला की वरचे मॉनिटर थरथरतात. तिथे शिकवणारी कामिनी तेवढा वेळ बोलणं थांबवते. सोळा वर्षांत तिला याची इतकी सवय झाली आहे की घरी, कोराडीला, कुणी मिक्सर लावला तरी तिचं वाक्य अर्धवट राहतं.

पूर्वी ती फळ्यावर शिकवायची. चार वर्षांपासून क्लासने कोडिंग शिकवणाऱ्या एका वेबसाइटचं लायसन्स घेतलं आहे. धडे वेबसाइटच देते: डावीकडे मजकूर, मधे कोड लिहायची जागा, उजवीकडे निकाल. कामिनीने अडलेल्यांना सोडवायचं आणि कोण किती टक्क्यांवर पोचलं ते पाहायचं. तिच्या स्क्रीनवर प्रत्येक नावापुढे एक हिरवी पट्टी असते.

त्या पट्ट्या पाहून तिला एक गोष्ट कळली आहे. ती तिने कुणाला सांगितलेली नाही, कारण कुणी विचारली नाही. पहिले दहा धडे सगळ्यांना येतात. भाषा कोणतीही घ्या, स्वतःचं नाव छापायचं, दोन आकडे मिळवायचे, पास की नापास ते ठरवायचं. मग अवघड जागा येते. वेब शिकणाऱ्यांची जावास्क्रिप्टपाशी, पायथनवाल्यांची फंक्शनपाशी. तिथे पोरगं आठ दिवस अडतं, आणि नवव्या दिवशी पुण्याहून फोन येतो. मावसभाऊ असतो, नाहीतर शेजाऱ्यांचा जावई. आता हे चालत नाही, ते चालतं, असं तो सांगतो. पोरगं ट्रॅक, म्हणजे शिकायची भाषा, बदलतं. ‘सोडलं’ म्हणावं लागत नाही, ‘बदललं’ म्हणता येतं. नव्या भाषेतले पहिले दहा धडे पुन्हा भराभर होतात आणि घरचे खूश राहतात. कामिनीच्या यादीत तीन-तीन भाषांचे दहा-दहा धडे झालेली मुलं आहेत.

यंदा मात्र चंपतरावांनीच ट्रॅक बदलला. पालक येऊन एआयचं विचारतात आणि वेब म्हटलं की उठून जातात, असा त्यांचा अनुभव. संध्याकाळची वेब बॅच बंद करून पायथनची सुरू करायची, असं त्यांनी ठरवलं. नवं लायसन्स बारा जणांच्या गटालाच मिळणार होतं. तीस तारखेच्या संध्याकाळी सहापर्यंत बारा नावं झाली तर बॅच होईल. नाही झाली तर संध्याकाळ बंद, आणि कामिनीला सकाळच्या वेब बॅचचे दोन तास तेवढे राहतील. तिच्या नवऱ्याचं पॉवर स्टेशनमधलं ठेकेदाराकडचं काम दिवाळीपासून थांबलं होतं. दोन तासांचा अर्थ तिला समजावून सांगायची गरज नव्हती.

ती स्वतः पायथन शिकायला बसली. वेबपानात एखादा टॅग बंद करायचा राहिला तरी ब्राउझर सांभाळून घेतो. पान वाकडं दिसतं, पण दिसतं. पायथनमध्ये ओळीच्या आधी एक मोकळी जागा कमी पडली की काहीच चालत नाही, लाल अक्षरांत एक वाक्य येतं. त्रेचाळिसाव्या वर्षी, दिवसभर उभं राहिल्यावर, ते वाक्य वाचायचाही तिला कंटाळा यायचा. तरी ती रोज दोन धडे करायची.

तीस तारखेला दुपारपर्यंत अकरा नावं झाली होती. चारच्या सुमारास पारशिवनीहून रुपराव आले, मुलीला घेऊन. मिनल बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि एक दिवसाआड बसने क्लासला येते. तिची वेबची पट्टी बहात्तर टक्क्यांवर होती. जावास्क्रिप्टपाशी ती एकोणीस दिवस अडली होती. नंतर तिने गावच्या शेतफीडरचं, म्हणजे शेतातल्या विजेचं, वेळापत्रक घेऊन एक पान बनवलं. आज पंपाला लाइट दिवसा आहे की रात्री, एवढंच ते सांगतं. गावातली वीसेक माणसं ते रोज मोबाइलवर उघडतात.

रुपरावांनी टोपी मांडीवर ठेवली आणि पुण्याच्या भाच्याचा फोन आल्याचं सांगितलं. मिनलला पायथनमध्ये टाकायचं होतं.

“अगदी वेळेवर आले भाऊ तुम्ही,” चंपतराव म्हणाले आणि त्यांनी स्वतः उठून पंखा वाढवला.

कामिनीने मिनलचं नाव उघडलं. एका विद्यार्थ्याला एकच ट्रॅक, असा लायसन्सचा नियम आहे. नवा घेतला की जुना कुलूपबंद होतो आणि झालेले धडेही उघडत नाहीत. स्क्रीनवर चौकट आली: ट्रॅक बदलायचा? होय, नाही. सकाळी सातपासून ती क्लासमध्ये होती. तिला गप्प बसून एक बटण दाबायचं होतं, आणि समोरचा माणूस तेच मागत होता.

“तुले काय वाटते वं?” तिने मिनलला विचारलं.

“बाबा म्हणते तसं.”

हे उत्तरही नेहमीचंच. कामिनीचा हात माऊसवर होता. “अडली काय कुठं?”

“नाही. अडली होती, पण निघाली.”

आजवर ट्रॅक बदलायला आलेलं प्रत्येक पोरगं अडलेलं होतं. कामिनीने हात काढून घेतला.

“भाऊ, हे दाबलं का तिचं आतापर्यंतचं सारं बंद होते. पायथनमंधी ती पुन्हा स्वतःचं नाव छापंल.”

“पण भाचा म्हणते वेब खतम झालं. एआय पान बनवून देते.”

“पायथनही लिहून देते ते.”

“मंग तुम्ही काहून शिकवून राहिल्या पायथन?”

चंपतराव काही बोलणार होते. कामिनीनेच सांगितलं, “मले बारावं नाव पाहिजे म्हणून. नाही भेटलं तर माही संध्याकाळ जाते.”

रुपरावांनी विचारलं, “तुम्हाले सोताले किती येते?”

“वेब येते. पायथनमंधी मी या नव्या पोरांच्या आठ धडे पुढं आहो.”

ते हसले, पण त्यांचं मन वळलं नव्हतं. त्यांनी तिथूनच भाच्याला फोन लावला, दोन वेळा ‘मॅडम नाही म्हणते’ असं सांगितलं, आणि फोन कानापासून दूर धरून म्हणाले की तो काही ऐकत नाही.

“मी नाही बदलत, बाबा,” मिनल म्हणाली.

“मंग तूच सांग त्याले.” त्यांनी फोन तिच्या हातात दिला.

ती फोन घेऊन जिन्यात गेली. खाली मशीन सुरू होती, त्यामुळे ती काय बोलली ते वर कुणाला कळलं नाही. परत आली, वडिलांना फोन दिला आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसून तिने पुढचा धडा उघडला. कामिनीने ‘नाही’वर क्लिक केलं.

सहापर्यंत आणखी कुणी आलं नाही. चंपतराव चिडले नाहीत. अकरा जणांचं काय करायचं ते पाहू, म्हणाले, आणि मॅडम, तुम्ही निदान चूप तरी बसायचं होतं. नव्या वेळापत्रकावर कामिनीने सही केली. त्यात सकाळचे सात ते नऊ एवढंच होतं.

एक तारखेला मिनल सकाळच्या बॅचला सात वाजून वीस मिनिटांनी पोचली. पारशिवनीहून त्याआधी पोचणारी बस नाही. तिने आणि कामिनीने वेबपानावरच्या फॉर्ममधली माहिती तपासायचा धडा पूर्ण केला. पट्टी चौऱ्याहत्तरवर गेली.

नऊ वाजता कामिनीने हजेरी बंद केली. इतक्या लवकर ती सोळा वर्षांत कधी मोकळी झाली नव्हती. स्टॉपवर कोराडीची बस आली. तिने ती जाऊ दिली. घरी अजून कुणाला काही सांगितलं नव्हतं, आणि कुठून सुरुवात करायची ते ठरायचं होतं.