राजाची एक उडी

“ह्या मॅडमला बोलता येतंय का गं?”

“इंग्लिशमधी येत आसंल.”

मी वर्गाकडं पाठ करून फळ्यावर पट आखत होते. वळले, तेव्हा पहिल्या रांगेतल्या दोन मुली इतक्या साळसूद चेहऱ्यानं फळ्याकडं बघत होत्या, की बोललं कोण ते लगेच कळलं.

माकणीच्या शाळेतला तो माझा पहिला शनिवार. वडिलांची बदली धरणावर झाली होती. माझं कॉलेज संपलं होतं, पुढचं ठरत नव्हतं, आणि मला बुद्धिबळ येतं हे वडिलांनी हेडमास्तरांना परस्पर सांगून टाकलं होतं. मी खेळ शिकले इंग्रजी शाळेत. घरी मराठीच, पण वर्गभर मुलांसमोर बोलायचं तर प्रत्येक वाक्य आधी मनात म्हणून बघायची सवय. तोवर मुलं पुढं गेलेली असत. मी “बिशप” म्हणाले, तर मागून आवाज आला, “उंट म्हणा की मॅडम, लगीच कळंल.”

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही व्हरांड्यात सतरंज्या टाकून बसायचो. खिचडीचा वास तिथं रेंगाळत असे. एक काळा हत्ती हरवला होता, त्याच्या जागी टॉर्चचा संपलेला सेल उभा करायचो. आता मी फोनवर अनोळखी माणसांशी खेळते. हत्ती सरकवला की त्या सेलचा फरशीवरचा ‘टक्’ अजून कानात येतो.

मला बोलता येतं का, असं विचारणारी मुलगी सगळ्यांत चांगली खेळायची. आईवडील शेतात गेले की ती आजोबांबरोबर मारुतीच्या पारावर बसे, तिथंच शिकली. एकदा डाव रंगात असताना तिनं राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवून सुरक्षित जागी ठेवला.

“असं चालत नाही,” मी म्हणाले.

“चालतंय की! शह बसायच्या आधी राजाला एक उडी माफ असती. आज्जा म्हणतो.”

“माझा आज्जा बी तसंच खेळतो,” दुसरा एक म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या.

मी फळ्यावर स्पर्धेचा नियम समजावला. तिनं ऐकून घेतलं आणि स्वतःपुरता निकाल लावला, “बरं. पारावर उडी, शाळंत न्हाय.” शाळेत एक आणि घरी दुसरं, हे मला नवं नव्हतं.

पार माझ्या परतीच्या वाटेवरच होता. मी दिसले की तिचे आजोबा पटावरून मान वर करत. “मॅडम, बसा की एक डाव! पोरगी तुमचं लई सांगती.” पारावरचे बाकीचे म्हातारे हसत. “घाबरत्यात त्या तुम्हाला,” कुणीतरी म्हणे. बायका पारावर बसत नसत. मी अर्धवट हसून, फोनमध्ये बघत पुढं जात असे. दर शनिवारी हेच.

हिवाळ्यात धाराशिवला जिल्ह्याची शालेय स्पर्धा झाली. हॉलमध्ये मी दोरीच्या अलीकडं उभी होते. पलीकडं बोलायला मनाई. शेवटच्या फेरीत तिच्या राजाभोवती गर्दी झाली. तिचा हात राजावर गेला. मला कळलं, पण तोवर राजा उडालेला होता. समोरच्या मुलीनं हात वर केला. पंचांनी राजा परत जागेवर ठेवायला लावला. आता हात लावलेला राजाच चालवायचा, आणि त्याला एकच घर मोकळं होतं. पुढच्या चालीला मात.

एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. “हात आपसूक गेला, मॅडम,” एवढंच म्हणाली.

आजोबा स्टँडवर वाट बघत होते. तिनं खालमानेनं सांगितलं. त्यांनी तिच्या पाठीवरचं दप्तर काढून स्वतःच्या खांद्याला लावलं. “म्हंजी डाव म्या घालवला,” ते म्हणाले.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. तिच्या मैत्रिणीनं सांगितलं, “आज्ज्यानं मोहऱ्यांचा डबा माळ्यावर टाकलाय. आपल्यापायी पोरीचं नुकसान झालं म्हणतो. आन् ही म्हणती, आज्जा खेळत न्हाय तर मी बी न्हाय. बसलेत दोघं फुगून.”

त्या दिवशी सेल कुणी मांडलाच नाही. सेलवाली काळी बाजू नेहमी तिची असायची.

परत जाताना पार दिसला. आजोबा बसलेले, समोर पट नाही, नुसता दगड. खालच्या पायरीवर ती काडीनं मातीत चौकोन काढत होती. मी आले तरी त्यांनी डावाला बोलावलं नाही. “मॅडम,” म्हणून नमस्कार केला आणि म्हणाले, “तुमीच बरोबर होता. आमचं सगळं जुनं, चुकीचं. तुमीच शिकवा तिला, पण आता ती बी ऐकंना.”

कुणी हसलं नाही. मी नेहमीसारखं वाक्य मनात जुळवू लागले. ते जुळेना. तिनं काडी थांबवून माझ्याकडं बघितलं, पहिल्या दिवशी विचारलं होतं तेच विचारणाऱ्या नजरेनं, ह्या मॅडमला बोलता येतंय का. मी चपला काढल्या आणि पारावर चढले.

“आजोबा, डबा खाली काढा. मी बसते एक डाव. तुमच्या राजाला उडी मारू द्या, माझाही मारेल.”